घराण्यात हंटिंग्टन आहे आणि आता आपलाच हात उडतोय असं वाटतंय: काय करायचं, कुठल्या क्रमानं

आमचे आप्पा, म्हणजे वडील, डोक्यावरची टोपी सारखी नीट करायचे. हात वर जायचा, टोपीची कड चाचपायचा, खाली मांडीवर यायचा, की अर्ध्या मिनिटात परत वर. आई म्हणायची, टोपीत मुंगी शिरलीय काय तुमच्या. आम्हाला सगळ्यांना ती सवयच वाटायची. दोन-तीन वर्षांनी कळलं की हात आपोआप उडत होता आणि उडालेला हात वाया जाऊ नये म्हणून आप्पा तो टोपीपर्यंत नेऊन काहीतरी कामाचं केल्यासारखं दाखवत होते, आणि हे आपण करतोय हे त्यांना स्वतःलाही नीट कळत नसावं. तोवर गल्लीत ‘सकाळी सकाळीच घेऊन येतोय’ म्हणून बोलून झालं होतं, आज्जीच्या नरसोबाच्या वाडीला पौर्णिमेच्या वाऱ्या सुरू झाल्या होत्या, आणि दूध संस्थेतलं सेक्रेटरीचं काम हिशेब चुकायला लागले म्हणून सुटलं होतं.

आता मी एकोणचाळीसचा. तीन वर्षांपूर्वी रंकाळ्यावर गाडी लावून भेळ खात उभा होतो आणि डाव्या हाताची करंगळी दोनदा टचकन हलली. बास. त्या रात्रीपासून आरशासमोर जीभ बाहेर काढून उभं राहणं, फरशीच्या रेघेवरून चालणं, मोबाईलवर स्वतःच्या हाताचे व्हिडिओ काढणं, सगळे प्रकार करून बसलोय. हंटिंग्टन म्हणजे घराण्यातून येणारा मेंदूचा आजार, त्यात अंग आपोआप हलायला लागतं. घराण्यात असला रोग असेल आणि तुमचं असंच चाललं असेल तर हे वाचा, कारण मी सगळं उलट्या क्रमानं केलं आणि त्यात दीड वर्ष आणि बरेच पैसे घालवले.

एक गोष्ट आधीच सांगतो, सगळा लेख तिच्यावरच उभा आहे. ‘आत्ता मला लक्षणं आहेत का’ हा एक प्रश्न आणि ‘माझ्यात त्या रोगाचा बिघडलेला जीन आहे का’ हा दुसरा. पहिल्याचं उत्तर न्यूरॉलॉजिस्ट हात-पाय-डोळे तपासून देतो, दुसऱ्याचं रक्त. आपण घाबरलो की दोन्हीची खिचडी करतो आणि मग एकाचंही उत्तर धड मिळत नाही.

पहिलं काम: रोगाचं नाव पक्कं करा

‘आमच्यात हे आहे’ एवढ्यावर थांबू नका. काय आहे? कागदावर कुठल्या डॉक्टरनं काय लिहिलंय? आमच्यात वीस वर्षं ‘आप्पांना कंपवात’ असंच बोललं जायचं. कंपवात म्हणजे पार्किन्सन, तो वेगळा, आणि बहुतेक पेशंटमध्ये तो घराण्यातून आलेला नसतोच. हात-पाय वेडेवाकडे हलणारे अजूनही रोग आहेत. सेरेबेलर अ‍ॅटॅक्सियाचे घराण्यात चालणारे कितीतरी प्रकार आहेत, त्यात तोल आधी जातो. विल्सन नावाचा आहे, त्यात शरीरात तांबं साठतं, आणि तो तर वेळेत सापडला तर औषधानं आटोक्यात राहतो, म्हणून तो चुकवून चालत नाही. थायरॉइड वाढलं तरी अंग असं हलू शकतं, मानसिक आजाराच्या काही गोळ्या आणि उलटीवरची मेटोक्लोप्रमाइडसुद्धा हे करतात.

त्यामुळं घरातलं ज्याला आजार आहे असं माणूस हयात असेल तर टेस्ट आधी त्याची, तुमची नंतर. आमच्यात आप्पा गेले तेव्हा कुणी टेस्ट केली नव्हती, पण धाकटे चुलते, तात्या, त्यांचं सुरू झालं होतं. त्यांचं रक्त दिलं आणि आकडा आला ४४ (कसला आकडा ते खाली गणितात सांगतो, ४० आणि वर म्हणजे आजार). त्या दिवशी पहिल्यांदा घरात ‘हंटिंग्टन’ हा शब्द आला. तात्यांची टेस्ट झाली नसती आणि मी स्वतःची करून निगेटिव्ह आलो असतो तर त्या निगेटिव्हला काही अर्थच नव्हता, कारण घरातला रोग दुसराच असू शकला असता.

आजारी माणूस हयात नसेल तर जुनी फाईल, डिस्चार्ज कार्ड, आणि लग्नाच्या कॅसेटी शोधा. खरंच सांगतोय. आत्याच्या मुलाच्या लग्नाच्या व्हिडिओत पंगतीत वाढताना आप्पा दिसतात, खांदे, भुवया, बोटं, काहीच एका जागी नाही. तो अर्ध्या मिनिटाचा तुकडा न्यूरॉलॉजिस्टनी तीनदा बघितला.

मग वंशावळ

वहीचं एक आडवं पान घ्या. पुरुष चौकोन, बाई गोल, आजार असलेला काळा करायचा. आजोबांपासून खाली या. प्रत्येकापुढं वय लिहा, आजार कितव्या वर्षी दिसला ते लिहा, आणि कशानं गेले ते लिहा. इथंच अडचण येते, कारण आपल्याकडं ‘वेडसर होता’, ‘दारूनं गेला’, ‘विहिरीत पडला’ ह्या नावांखाली बरंच काही झाकलेलं असतं. म्हाताऱ्या माणसांना थेट विचारलं तर सांगत नाहीत. मी आत्याला विचारलं, मोठे चुलत आजोबा जेवताना कसे बसायचे, तेव्हा ती म्हणाली, ‘अरे त्यांच्या हातातनं तांब्या सुटायचा म्हणून त्यांना लाकडी भांडं दिलतं.’ असं विचारायचं. रोग विचारू नका, भांडं विचारा.

गणित, एकदाच नीट

१८७२ साली जॉर्ज हंटिंग्टन ह्या तरुण अमेरिकन डॉक्टरनं ह्या आजाराचं वर्णन लिहिलं, १९९३ साली जीन सापडला. चौथ्या क्रोमोझोमवर एचटीटी नावाचा जीन आहे, त्यात सी-ए-जी ही तीन अक्षरं एकामागं एक परत परत येतात. २६ पर्यंत असतील तर नॉर्मल. २७ ते ३५ असतील तर तुम्हाला आजार होत नाही पण पुढच्या पिढीत आकडा वाढायची थोडी शक्यता असते. ३६ ते ३९ मध्ये होईल किंवा नाही होणार. ४० आणि वर म्हणजे माणूस पुरेसं जगला तर आजार होणार.

आई किंवा वडलांपैकी एकाला असला की प्रत्येक मुलाला ५० टक्के. प्रत्येकाला वेगवेगळे पन्नास, म्हणजे चार भावंडांत बरोबर दोघांना असं वाटून येत नाही, चौघांना येऊ शकतो किंवा एकालाही नाही. मुलगा-मुलगी फरक नाही. चेहरा वडलांवर गेलाय म्हणून जीन आला असंही काही नाही, हे मला आमच्या मावशीला चार वेळा सांगायला लागलं. आणि ज्याच्यात जीन आला नाही त्याच्या पोरांनाही तो येत नाही, एक पिढी सोडून उडी मारत नाही. ‘आजोबाला होता, बापाला नव्हता, नातवाला झाला’ असं दिसलं तर बहुतेक वेळा बाप लवकर गेलेला असतो किंवा त्याचं कुणाच्या लक्षात आलेलं नसतं.

वडलांकडून येताना आकडा वाढू शकतो आणि आकडा मोठा तसं वय कमी, साधारण असं. सहसा तीस ते पन्नासच्या दरम्यान सुरू होतं, आकडा साठच्या वर गेला की पोरवयातही दिसू शकतं. पण आकड्यावरून ‘अमुक वर्षी सुरू होणार’ असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. ४२ असलेल्या दोन माणसांत बरीच वर्षं पुढंमागं होतात.

आणि हो, मामाच्या मुलीशी लग्न केल्यामुळं हा रोग आला असं आमच्यात एकजण अजून म्हणतात. हंटिंग्टनला जीनची एकच बिघडलेली प्रत पुरते, नात्यातल्या लग्नाचा इथं संबंध नाही. विल्सनसारख्या रोगांना दोन्हीकडून लागते, तिथं नात्यातल्या लग्नानं धोका वाढतो.

कसलं हलणं कसलं असतं

डोळ्याची पापणी फडफडणं, पोटरीत कातडीखाली किडा वळवळल्यासारखं एकाच जागी टिकटिक होणं, झोप लागता लागता अख्खं अंग दचकणं, हे जवळजवळ सगळ्यांना होतं. जागरण, चहा, टेन्शन, दमणूक, एवढ्यानंही होतं. हात लांब केल्यावर बोटं बारीक थरथरणं हे भीतीनंही होतं, साखर उतरल्यानं होतं, थायरॉइडनं होतं, दम्याचा पंप मारल्यावर होतं.

हंटिंग्टनचं हलणं वेगळं दिसतं. ते एका जागी राहत नाही. आता बोट, मग खांदा, मग भुवई, मग पायाचा अंगठा, असं अंगभर फिरत जातं आणि पुढं काय हलणार त्याचा अंदाज लागत नाही. बघणाऱ्याला वाटतं माणूस चुळबुळ करतोय. आणि बऱ्याच जणांत हलण्याच्या आधी दुसरंच काही सुरू झालेलं असतं: चिडचिड, उदासपणा, दोन कामं एकदम न जमणं, ठरवलेलं काम सुरूच न होणं. आप्पांचे हिशेब टोपीच्या आधी चुकायला लागले होते.

इथं एक अवघड भाग आहे. ह्या आजारात माणसाला स्वतःचं हलणं बऱ्याचदा कळत नाही. म्हणजे मला कळतंय म्हणून मला नाहीच, असंही नाही, तसं समजू नका. एवढंच की आरसा आणि आपले डोळे ह्या कामाला निरुपयोगी. भ्यालेल्याला नसलेलं दिसतं आणि आजारी माणसाला असलेलं दिसत नाही.

म्हणून बघायचं काम दुसऱ्या कुणालातरी द्या. एकच माणूस. मी बायकोला दिलंय, आणि अट अशी की ती मला रोज काही सांगणार नाही, मी विचारायचं नाही, आणि तिला खरंच काही दिसलं तर ती लिहून ठेवणार आणि डॉक्टरांकडं जाताना सोबत येणार. हे ठरल्यावर आमच्या घरातलं अर्धं वातावरण निवळलं, कारण त्याआधी मी जेवताना दहादा ‘बघ की माझा हात’ करत होतो आणि तिला घास गिळत नव्हता.

सहा आठवड्यांची वही

वही, मोबाईल नको. मोबाईल हातात आला की सर्च होतो. आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, दहा मिनिटं. काय झालं, कुठल्या बाजूला, किती वेळ, आदल्या रात्री झोप किती, चहा किती, तेव्हा काय करत होतो, आणि दुसऱ्या कुणाला दिसलं का. ह्याशिवाय कामाच्या गोष्टी: वस्तू पडल्या का, ठेच लागली का, पाणी पिताना ठसका लागतोय का, वजन उतरलंय का, कामात आधी न होणारी चूक झाली का. एखादं हलणं खरंच चालू असेल तर अर्ध्या मिनिटाचा एक व्हिडिओ दुसऱ्याला काढायला सांगा. एकच. माझ्याकडं एकशे सत्तर होते, डॉक्टरांनी एकही बघितला नाही.

ह्याच सहा आठवड्यांत झोप सुधारा आणि चहा दोनवर आणा. मी शिरोलीच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत अकाउंटला आहे, तिथं दिवसाला आठ-नऊ कप व्हायचे, कट असला तरी चहाच की तो. तीनच आठवड्यांत पापणी थांबली. करंगळी मात्र अधूनमधून हलायची.

आधी फॅमिली डॉक्टर

थेट मोठ्या डॉक्टरकडं पळू नका. फॅमिली डॉक्टरना वही आणि वंशावळ दाखवा, चालू सगळ्या गोळ्यांची यादी द्या, आयुर्वेदिक आणि जिमची पावडरसुद्धा. साधं रक्त: थायरॉइड, बी-१२, साखर, कॅल्शियम, लिव्हर. माझं बी-१२ पार तळाला होतं. आमच्यात माळकरी घर, तांबडा-पांढरा रस्सा लोकांच्या घरी, आम्ही नुसती भाजी-भाकरी, म्हणजे व्हायचंच. इंजेक्शनं घेतली आणि पायातल्या मुंग्या गेल्या, ज्या मी वर्षभर हंटिंग्टनच्या खात्यावर मांडत होतो. मुंग्या येणं हे हंटिंग्टनचं नेहमीचं लक्षणच नव्हे, हे तेव्हा कुठं कळलं.

मग न्यूरॉलॉजिस्ट

कोल्हापुरात न्यूरॉलॉजिस्ट आहेत, खाजगीत परवडत नसेल तर सीपीआर ह्या सरकारी दवाखान्याच्या मेडिसिन ओपीडीपासून सुरुवात करता येते. शक्य असेल तर ‘मूव्हमेंट डिसऑर्डर’ म्हणजे हालचालींचे आजार बघणारे शोधा, त्यासाठी पुण्या-मुंबईला जायची वेळ येऊ शकते. महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्री बसलं की सकाळी मुंबईत. निम्हान्स ही मेंदू आणि मनाच्या आजारांची सरकारी संस्था हवी असेल तर बेंगळुरू, तिथं तपासणी, काउन्सेलिंग आणि जीन टेस्ट हे सगळं होतं.

आत गेल्यावर पहिलं वाक्य तयार ठेवा. माझं असं होतं: ‘चुलत्यांचा हंटिंग्टन टेस्टनं कन्फर्म आहे, वडलांना तीच लक्षणं होती, मला आज फक्त लक्षणं आहेत का ते तपासून हवंय, जीन टेस्टचं अजून ठरलेलं नाही.’ हे शेवटचं म्हणणं फार महत्त्वाचं. आधी एका ठिकाणी मी ते न म्हटल्यामुळं पंधरा मिनिटांत एमआरआय, ईईजी, नसांची तपासणी आणि वर ‘जेनेटिक पण टाकून देऊ’ असं सगळं एका चिठ्ठीवर आलं. पहिल्या तिन्ही मी केल्या, सगळ्या नॉर्मल. आणि त्या नॉर्मलनं काहीच सिद्ध झालं नाही, कारण एमआरआयमध्ये मेंदूतला कॉडेट नावाचा भाग आकसलेला दिसतो तो आजार पुढं गेल्यावर, सुरुवातीला एमआरआय साफ असू शकतो. ईईजी तर ह्या प्रश्नाला लागतच नाही.

खरी तपासणी हातानं होते, डॉक्टर एकेक सांगत जातात. डोळ्यानं बोटामागं बघा, आता पटकन इकडं, पटकन तिकडं. जीभ बाहेर काढून तशीच धरा. माझी दोन बोटं दाबून धरा, सोडू नका. अंगठा-तर्जनी टकटक. मूठ, हाताची कड, तळवा, असं टेबलावर क्रमानं आपटा. एका रेघेत चाला. उलटे आकडे मोजा. सगळं मिळून अर्धा-पाऊण तास. ह्यातलं काहीही घरी करून बघू नका, मी वर्षभर केलंय आणि नुसती प्रॅक्टिस होते, निकाल काही लागत नाही.

निघताना विचारायचं ते: आज तुम्हाला ह्या आजाराची नक्की अशी खूण दिसली का? नसेल तर परत कधी यायचं? कुठल्या गोष्टीसाठी तारखेआधी यायचं? उत्तर लिहून घ्या, बायकोसमोर. नाहीतर दारातून बाहेर पडेपर्यंत ‘नाही’चं ‘बहुतेक नाही’ होतं आणि बिंदू चौकापर्यंत ‘काहीतरी लपवतायत’ होतं.

आणि नॉर्मल तपासणी म्हणजे जीन नाही असं नव्हे. आज सुरू झालेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

जीन टेस्ट: हे वेगळं प्रकरण

रक्त थोडंसंच लागतं, जांभळ्या बुचाची बाटली, काही दिवसांनी-आठवड्यांनी रिपोर्ट. टेस्ट सोपी आहे, म्हणूनच घातक आहे. लक्षणं नसताना करायची असेल तर जगभर पाळतात ती पद्धत अशी: आधी जेनेटिक काउन्सेलिंग म्हणजे टेस्टचा अर्थ आणि परिणाम ह्यावर जाणकाराशी बोलणं, मध्ये विचाराला वेळ, मग रक्त, मग रिपोर्ट समोरासमोर, सोबत आपलं माणूस. कधीही ‘नको’ म्हणता येतं, अगदी रिपोर्ट पाकिटात तयार असला तरी. अठराच्या आतल्या, लक्षणं नसलेल्या पोरांची टेस्ट करत नाहीत, तो निर्णय त्यांनी मोठं झाल्यावर घ्यायचा. कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ पाठवतो म्हणाला तर तिथं रक्त देऊ नका.

स्वतःला विचारायचा प्रश्न एकच: कळून मी काय वेगळं करणार? मूल हवंय, लग्न ठरायचंय, घराचं कर्ज काढायचंय, नोकरी बदलायचीय, असं ठोस काही असेल तर कारण आहे. नुसती धाकधूक थांबवायला टेस्ट करायची असेल तर थांबा, कारण पॉझिटिव्ह आला तर धाकधूक थांबत नाही, ती रोज बघायला लागते. रोग थांबवणारं खात्रीचं औषध आज बाजारात नाही. हालचाल कमी करायला टेट्राबेनाझिन आहे, पण त्यानं उदासपणा वाढू शकतो म्हणून लक्ष ठेवून देतात. मूडसाठी गोळ्या, फिजिओ, बोलण्या-गिळण्याची थेरपी, भरपूर खाणं, ह्यानं दिवस खूप सुधारतात. तात्यांना दिवसात पाच वेळा खायला दिल्यावर वजन उतरायचं थांबलं. ‘स्टेम सेलनं मुळापासून बरा’ म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका.

टेस्ट तुमच्या एकट्याची नसते. तुमच्या वडलांनी टेस्ट केलेली नाही, आजोबांना आजार होता, आणि तुम्ही पॉझिटिव्ह आलात, तर वडलांचाही रिपोर्ट त्याच कागदावर आला, त्यांनी न मागता. माझ्या बहिणीनं लग्नाआधी केली. निगेटिव्ह. आम्ही पेढे आणले आणि ती दोन महिने कुणाशी बोलेना, ‘दादाला असला तर’ म्हणून. काउन्सेलर आधीच बोलल्या होत्या की असं होतं, आम्ही हसण्यावारी नेलं होतं. मी अजून केलेली नाही. उद्या करीनही.

मूल हवं असलेल्यांनी दिवस राहण्याआधी काउन्सेलरना भेटा, आयव्हीएफमध्ये गर्भ तपासून ठेवायचा मार्ग आहे, गरोदरपणातही तपासणी होते, पण त्या सगळ्याला वेळ लागतो.

विम्याचं काम टेस्टच्या आधी उरकून घ्या, पण फॉर्मवर घराण्यातल्या आजाराचं विचारलं असेल तर खोटं लिहू नका, पुढं क्लेम अडकवायला तेवढंच पुरतं. स्थळ बघताना कधी सांगायचं ह्यावर आमच्यात अजून भांडणं होतात. माझं मत, बोलणी पक्की व्हायच्या आधी मुलानं-मुलीनं एकमेकांना स्वतः सांगावं, मध्यस्थांनी नको.

थांबायचं नाही असं कधी

तोंड वाकडं, एका बाजूचा हात-पाय अचानक लुळा, बोलणं अचानक अडखळलं, तर ती वही-बिही सोडा, तो लकवा असू शकतो, लगेच दवाखाना, तिथं मिनिटं मोजतात. फिट आली तर, जेवताना घास अडकायला लागला तर, तसंच. आणि ‘आप्पांसारखं व्हायच्या आधी संपवलेलं बरं’ असा विचार एकदा जरी आला तर तो मनात ठेवू नका. अशा घरांत हा विचार येतो, मला आलाय. टेली-मानसचा नंबर १४४१६, सरकारी, फुकट, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. मी रात्री दोनला गच्चीवरनं लावला होता. शेजारच्या तालमीच्या पोरांचं कुठलं तरी मंडळाचं काम चाललं होतं खाली, आणि मी वर उभा राहून एका अनोळखी बाईंना टोपीचं सांगत होतो.

पुढची तारीख

मला वर्षातून एकदा बोलावलंय. जानेवारी धरलाय, मार्चएंडच्या कामाच्या आधी. पिशवीत वंशावळ, तात्यांच्या रिपोर्टची झेरॉक्स, बायकोचा कागद, आणि मागच्या वर्षीचं तपासणीचं पान. बायकोचा कागद मी वाचलेला नाही, तो बंद पाकिटात असतो, आणि दोन्ही वेळा डॉक्टरांनी वाचून तिलाच परत दिला.